शिशाची गोळी नळीत बसते कशी? जुन्या सिंगल शॉट रायफलींची गोष्ट

बालेवाडीच्या रेंजवर आठवीतला एक मुलगा पहिल्यांदाच .२२ रायफलीजवळ आला होता. तोवर त्यानं फक्त १० मीटरची एअर रायफल मारली होती. त्यानं रायफल वरून बघितली, खालून बघितली आणि विचारलं, "काका, हिचं मॅगझिन कुठंय?"

मॅगझिन नसतंच. ५० मीटरच्या रायफलीत एका वेळी एकच काडतूस ठेवायचं असतं, तेही हातानं. बोल्ट (नळीचं मागचं तोंड मिटणारा दांडा) बंद, नेम, बार. बोल्ट उघडायचा, रिकामी पुंगळी काढायची, दुसरं ठेवायचं. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं ते असंच, एकेक काडतूस हातानं भरून.

मुलानं काडतूस बोटात धरलं आणि लगेच दुसरा प्रश्न आला. "ही गोळी अशी तुपकट का लागतेय?"

दोन्ही प्रश्न फार चांगले होते. रेंजवर मी त्याला दोन-चार वाक्यांत उत्तर दिलं, पण समाधान त्याचंही झालं नाही आणि माझंही. कारण खरं उत्तर दीडशे वर्षं मागं आहे. त्या काळी बहुतेक रायफली एका वेळी एकच गोळी मारत आणि गोळी उघड्या शिशाची असे. अमेरिकेत आणि युरोपात आजही कितीतरी माणसं त्या रायफली हौसेनं चालवतात. स्वतः शिसं वितळवतात, साच्यात गोळ्या ओततात आणि दोनशे यार्डांपासून हजार यार्डांपर्यंत टार्गेट मारतात. त्यांचा सगळा खटाटोप एकाच प्रश्नाभोवती फिरतो: गोळी नळीत नीट बसली का?

आधी नळीपासून सुरुवात करू.

आपल्याकडच्या पूर्वीच्या ठासणीच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. वरून दारू ओतायची, मग गोल गोळी, मग गजानं ठासायचं. गोळी नळीपेक्षा थोडी लहानच ठेवावी लागे, नाहीतर ती खाली जाणारच नाही. त्यामुळं बार उडाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटी जिथं आपटली असेल त्याप्रमाणं गिरकी घेत कुठंतरी जाई. शंभर पावलांपलीकडं नेम धरण्यात फारसा अर्थ नसे.

उपाय युरोपात फार आधी सापडला होता. नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडायच्या. गोळी त्या खाचांत रुतून पुढं सरकली की स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, आणि फिरणारी वस्तू आपला आस सहजासहजी सोडत नाही. नुसती गोल गोळी असेल तर थोडी गिरकीही पुरते. लांबट गोळीला मात्र गिरकीशिवाय गत्यंतर नाही. विटी-दांडूतली विटी हवेत कशी कोलांट्या खात जाते ते आठवा. लांबट गोळी फिरवली नाही तर तिचं तेच होतं.

मग किती फिरवायची? वूलिचच्या तोफखाना महाविद्यालयात शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपं सूत्र दिलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्या, त्याला १५० नं गुणा आणि गोळीच्या लांबीनं भागा. जे येईल तितक्या इंचांत खाचेनं एक पूर्ण वेढा घ्यायला हवा. सगळी मापं इंचांत आणि गोळी शिशाची. इंग्रजांची मार्टिनी-हेन्री रायफल घ्या. गोळीचा व्यास .४५ इंच, लांबी सुमारे सव्वा इंच. .४५ चा वर्ग .२०२५, गुणिले १५० म्हणजे साधारण ३०.४, भागिले १.२५ म्हणजे २४ च्या आसपास. प्रत्यक्ष मार्टिनीच्या नळीत २२ इंचांत एक वेढा आहे. गंमत म्हणजे मार्टिनी सूत्राच्या आठ वर्षं आधीची, १८७१ ची. कारागिरांनी चाचपडत जे गाठलं होतं त्याला गणितानं मागून दुजोरा दिला. आजही हौशी नेमबाज जुनी रायफल हातात आली की आधी हे वेढ्याचं माप काढतात आणि मग किती लांबीची गोळी ओतायची ते ठरवतात.

ही गोळी सेकंदाला सुमारे तेराशे फूट वेगानं बाहेर पडते. २२ इंचांत एक फेरी, म्हणजे सेकंदाला सातशेच्या आसपास फेऱ्या. घरातला पंखा पूर्ण वेगात सेकंदाला पाच-सहा फेऱ्या मारतो. हा सातशेचा आकडा लक्षात ठेवा, पुढं ओतकामात त्याची गरज पडेल.

आता तुपकटपणाकडं येऊ. हे उत्तर प्रत्येक मराठी वाचकाला अर्धं ठाऊक आहे.

१८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत शिकतो. एनफिल्ड रायफल, गाईची आणि डुकराची चरबी, दातांनी तोडायचा कागद, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, १० मेला मेरठ. पण चरबी मुळात लागत कशाला होती, हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही. ते समजलं की त्या काळाची सगळी नेमबाजी समजते.

सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू जळते तेव्हा तिचा सगळा धूर होत नाही. वजनानं निम्म्याहून जास्त भाग घन राख-काजळी म्हणून उरतो आणि त्यातला बराच नळीत चिकटतो. पाच-दहा बार झाले की नळी आतून करपलेल्या कढईसारखी होते. एनफिल्ड ठासणीची होती, म्हणजे प्रत्येक नवी गोळी त्या थरातून वरून खाली ढकलायची. गुळगुळीत नळीत सैल गोळी चालून जात होती, पण खाचांच्या नळीत सैल गोळी फिरणार कशी? घट्ट घेतली तर खाली जाईना, सैल घेतली तर फिरेना.

यातून वाट काढली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं, १८४० च्या दशकाच्या शेवटी. गोळी नळीपेक्षा थोडी लहान करायची आणि तिचं बूड आतून पोकळ ठेवायचं. ठासताना ती अलगद खाली जाते. बार उडाला की दारूचा दाब पोकळ बुडात शिरून ते बूड फुलवतो आणि शिसं खाचांत जाऊन बसतं. जाताना लहान, येताना मोठी. शिशासारखा मऊ धातू नसता तर हे जमलंच नसतं. एनफिल्डची गोळी याच तत्त्वावरची होती. ती कागदात गुंडाळलेली असे आणि त्या कागदाला बाहेरून वंगण लावलेलं असे. वंगणाची कामं दोन: गोळी खाली सरकायला मदत करायची आणि उडताना मागं राहणारी काजळी मऊ ठेवायची, म्हणजे पुढची गोळी अडणार नाही. नुसती चरबी उन्हात वितळून जाते, म्हणून त्यात मधमाशांचं मेण घालत.

तेव्हा वंगण हे तांत्रिक गरजेचं होतं. ते कशाचं असावं, हे ठरवताना वापरणाऱ्याच्या धर्माचा विचारही झाला नाही, हा गुन्हा. पुढं शिपायांना स्वतःचं मेण-तेल लावायची मुभा दिली गेली, पण तोवर विश्वास उडाला होता. मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की मेण आणि वनस्पती तेल यांचं वंगण उत्तम चालतं. आजचे हौशी नेमबाज ते आवडीनं वापरतात.

त्या मुलाच्या बोटाला लागलेला मेणकट थर त्याच वंशातला. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं. त्याची गोळी पुंगळीच्या बाहेर उघडी असते, पुंगळीइतक्याच व्यासाची, आणि वंगण गोळीच्या बाहेरच्या अंगाला. ही एकोणिसाव्या शतकाची पद्धत. बाकीची काडतुसं बदलली, हे मात्र तसंच राहिलं आणि ऑलिंपिकपर्यंत पोचलं.

ठासणीनंतर आली मागून भरायची रायफल. तिच्यात गोळी वरून ढकलायची नसल्यानं मिनिएची कसरत गरजेची राहिली नाही. मार्टिनी-हेन्रीत खालचा लिव्हर दाबला की मागचा ठोकळा खाली झुकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. काडतूस आत सरकवायचं, लिव्हर वर घ्यायचा, ठोकळा बंद. आतली यंत्रणा मार्टिनी या स्विस कारखानदाराची, नळीतल्या खाचा एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीच्या, म्हणून जोडनाव. हिंदी पलटणींना ती लगेच मिळाली नाही. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, असं धोरणच होतं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. तिथं गोऱ्या पलटणीकडं मार्टिनी होत्या आणि शेजारी उभ्या असलेल्या मुंबई लष्कराच्या हिंदी पायदळाकडं जुन्या स्नायडर.

मार्टिनीचा ठोकळा इतका साधा आणि घट्ट बसणारा होता की लष्करातून गेल्यावरही तो टिकला. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यानं त्याच धर्तीवर .२२ च्या टार्गेट रायफली कितीतरी वर्षं काढल्या. मी स्वतः पहिले बार मारले ते क्लबातल्या अशाच एका जुन्या बीएसए मार्टिनीनं. लिव्हर दाबल्यावर येणारा तो टकटकीत आवाज आणि पितळी पुंगळी मागं उडून टेबलावर पडते तो क्षण अजून कानात आहे. ठोकळा बंद झाला की त्यात खिळखिळ अजिबात नाही. सिंगल शॉटचा मोठा फायदा हाच. गोळी मॅगझिनमधून खरवडत वर येत नाही, तिचं मऊ नाक दबत नाही. आपण ती बोटांनी, बघून, नळीत ठेवतो.

आता शिसं.

माझे वडील नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. झिजलेले खिळे पत्र्याच्या डब्यात साठत आणि डबा भरला की तो फाउंड्रीत जाई. लहानपणी एकदा वडिलांबरोबर मी तिथं गेलो. लोखंडी कढईत धातू वितळत होता, वर करड्या रंगाची जाडसर साय धरली होती. कारागिरानं मेणाचा एक तुकडा त्यात टाकला, भपकन धूर आणि ज्वाळ उठली. मग त्यानं पळीनं ढवळून साय बाजूला सारली, आणि खाली आरसा! कढईत छपराची कौलं दिसत होती. मेणानं वर आलेला गंजलेला धातू पुन्हा शुद्ध होऊन खाली जातो आणि उरलेला मळ काढून टाकता येतो, हे मला खूप वर्षांनी समजलं. गोळ्या ओतणारेही हेच करतात, तसंच मेण टाकून.

धातूही तेच तीन: शिसं, कथील आणि अँटिमनी. प्रमाणं तेवढी वेगळी.

शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ते जड आहे, स्वस्त आहे, मऊ आहे. पण साच्यात ओतलं तर ते आळशीपणानं पसरतं, कोपऱ्यांत नीट शिरत नाही. त्यात थोडं कथील घातलं की रस प्रवाही होतो आणि साच्याची बारीकशी रेघही उचलतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कथलाचा कण टाकतो आणि कापसाच्या बोळ्यानं तो क्षणात पातेलंभर फिरतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कथलाचा हा गुण वेगळा सांगायला नको. अँटिमनी कडकपणा आणते. लायनोटाइपच्या, म्हणजे छपाईसाठी ओळीच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या, धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. छापताना त्यावर हजारो वेळा कागद दाबला जातो, म्हणून तिथं कडकपणा हवाच.

गोळीला किती कडकपणा हवा? नवखा माणूस म्हणेल, जितका जास्त तितका चांगला. इथंच बहुतेक जण चुकतात.

कडकपणा मोजायच्या ब्रिनेल मापात शुद्ध शिसं ५ च्या आसपास येतं. वीस भाग शिसं आणि एक भाग कथील घेतलं तर १० च्या जवळ. लायनोटाइप २२. मार्टिनीच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील होतं. काळ्या दारूचा धक्का अचानक बसतो. त्या धक्क्यानं मऊ गोळी मागून किंचित चेपली जाते, आखूड आणि जाड होते, आणि नळी पूर्ण भरून टाकते. मागचा तापलेला वायू पुढं निसटायला फटच राहत नाही. कडक गोळी चेपत नाही. ती नळीपेक्षा केसभर जरी लहान असेल तरी वायू तिच्या कडेनं पुढं धावतो, जाता जाता तिचं अंग वितळवतो, आणि ते शिसं नळीच्या भिंतीला चिकटतं. पुढच्या गोळ्या मग त्या चिकटलेल्या शिशावरून घसरत वेड्यावाकड्या जातात. नळीला शिसं लागलं की लोक म्हणतात, धातू मऊ पडला, अजून कडक करा. माझ्या मते दहातल्या आठ वेळा धातू दोषी नसतो, माप चुकलेलं असतं.

म्हणून काम मापापासून सुरू होतं. मऊ शिशाचा एक गोळा तेल लावून नळीतून हळूहळू आरपार ढकलतात. दुसऱ्या टोकाला तो बाहेर येतो तेव्हा त्याच्यावर नळीचा ठसा उमटलेला असतो. मायक्रोमीटरनं खाचांचा व्यास मोजायचा आणि गोळी त्याहून इंचाचा एक-दोन हजारांश मोठी ठेवायची. एक हजारांश म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. जुन्या रायफलींत एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन नळ्याही एकसारख्या नसतात. बाजारात मिळणारी "४५ ची गोळी" एकीला बसते, दुसरीला नाही. दुकानात मिळत असतानाही लोक स्वतः का ओततात, याचं कारण हे आहे.

ओतणं मी एकदा जवळून पाहिलं. अमेरिकेत बहिणीकडं गेलो होतो तेव्हा तिच्या शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गॅरेजमध्ये दाखवलं. दार सताड उघडं, पंखा बाहेर हवा फेकणारा, अंगात जाड शर्ट, डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट. पाण्याची बाटली त्यांनी मला बाहेरच ठेवायला लावली. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि सगळं भांडं अंगावर उडतं.

साचा म्हणजे लोखंडाचे दोन ठोकळे, चिमट्यासारख्या दांड्यांना बसवलेले. मिटले की आत गोळीची पोकळी तयार होते. वर एक पट्टी, तिला ओतायचं भोक. पहिल्या पाच-सहा गोळ्या पार सुरकुतलेल्या निघाल्या, वाळलेल्या खारकेसारख्या. साचा गार होता. आजोबांनी त्या काही न बोलता परत भांड्यात टाकल्या. मग साचा तापला आणि गोळ्या गुळगुळीत, चकचकीत यायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांच्यावर साखरेसारखा पांढुरका खर दिसायला लागला. साचा जास्त तापला, असं म्हणून ते जरा थांबले.

मला कळायला वेळ लागला ती गोष्ट पळीची. ते पळीचं तोंड साच्याच्या भोकाला टेकवून सगळं एकत्र आडवं करत, मग उभं करत आणि रस भरल्यावरही पळी तशीच तीन-चार सेकंद धरून ठेवत. का? धातू गोठताना आकसतो. गोळी बाहेरून आत गोठते, त्यामुळं मधे पोकळी राहू शकते. पळी टेकलेली असली की तिच्या वजनानं वरून ताजा रस आत उतरत राहतो आणि पोकळी भरून निघते. मग लाकडी दांड्याचा एक ठोका, वरची पट्टी फिरते, जास्तीचा गुठळा कापला जातो. साचा उघडला की गोळी मऊ फडक्यावर पडते. ठोका, उघड, पड. मिनिटाला दोन-तीन. बोलणं नाही. लय तुटली की साच्याचं तापमान बदलतं आणि गोळ्यांचं वजन बदलतं.

गार झाल्यावर प्रत्येक गोळी त्यांनी काट्यावर ठेवली. मार्टिनीची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅम, आपल्या मापात पावणेतीन तोळ्यांना जरा कमी. आजोबांच्या गोळ्या याच जातीच्या होत्या. त्यांनी एका ग्रेनच्या फरकानं वेगवेगळे ढीग केले. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. पावणेतीन तोळ्यांत अर्ध्या गुंजेचा फरक! हलकी निघालेली गोळी बहुधा आतून पोकळ असते, आणि पोकळी बरोबर मध्यावर कधीच नसते. आता तो सातशेचा आकडा आठवा. सेकंदाला सातशे वेळा फिरणाऱ्या वस्तूचा तोल थोडा जरी एका बाजूला असेल तर ती नळीतून सुटताच रेषेवरून बाजूला फेकली जाते. बाहेरून दोन्ही गोळ्या जुळ्या दिसतात, काटा मात्र फरक सांगतो. शंभरातल्या चाळीसेक गोळ्या त्यांनी पुन्हा वितळवायला टाकल्या. मला त्या सगळ्या उत्तम वाटल्या होत्या.

काही जण अजून पुढं जातात आणि गोळीला कागद गुंडाळतात. पातळ ओलसर कागदाचे बरोबर दोन वेढे. सुकताना कागद आकसून गोळीला घट्ट धरतो. नळीला फक्त कागद लागतो, शिसं लागत नाही, आणि बाहेर पडताच कागदाच्या चिंध्या उडून जातात. मार्टिनीची लष्करी गोळीही अशीच कागद गुंडाळलेली असे.

अशा रायफलींनी खरंच अचूक मारता येतं का? १८७४ ची क्रीडमूरची मॅच बघा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर २६ सप्टेंबरला आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात सहा-सहा जणांचा सामना झाला. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, चालायला दहा-अकरा मिनिटं. आयरिश नेमबाज ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन आले होते आणि ते जगात अव्वल मानले जात. अमेरिकनांकडं मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. तीन गुणांचा फरक. त्यात एका आयरिश नेमबाजानं बुलवर, म्हणजे टार्गेटच्या मध्यावर, बरोबर मारलेला एक बार शेजारच्या टार्गेटवर गेला होता आणि त्याचे शून्य गुण धरले गेले. तेव्हा बुलला चार गुण मिळत. तो बार आपल्या टार्गेटवर असता तर ठासणीची रायफल जिंकली असती.

त्या अंतरावर काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा. गोळीला पोचायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. वाटेत ती नेमाच्या रेषेच्या चाळीसेक फूट वरून जाते, चार मजली इमारतीवरून उडी मारल्यासारखी. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला दहा फुटांहून जास्त बाजूला नेतो. नेमबाज गवत, झेंडे आणि उन्हातली हवेची थरथर वाचतो, मागच्या साइटवरचा स्क्रू फिरवतो आणि मगच चाप ओढतो. एकदा बार गेला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. बंदूक सिंगल शॉट असल्यानं घाई करण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रत्येक बारानंतर ते आणखी एक काम करतात, ते मला फार आवडतं. पुंगळी काढली की मागच्या तोंडाला एक नळी लावून नळीत हळूहळू फुंकर घालतात. आपल्या चुलीच्या फुंकणीसारखी नळी. श्वासातल्या ओलाव्यानं काळी काजळी मऊ राहते. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या दुपारी अशी रायफल मारली तर काजळी खडखडीत होईल आणि जास्त फुंकावं लागेल. जुलैत तोच नेमबाज निम्म्या फुंकरांत भागवेल.

जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत नेलेली शुत्झेन नावाची परंपरा याहून वेगळी. अंतर फक्त २०० यार्ड, पण उभं राहून, हात टेकवायला काही नाही. तिथले जाणकार गोळी पुंगळीत बसवतच नाहीत. एका छोट्या अवजारानं ती आधी खाचांत नेमकी मधोमध ढकलतात आणि मग मागून दारूची पुंगळी लावतात. सबंध मॅचला एकच पुंगळी, पुन्हा पुन्हा भरलेली, म्हणजे पुंगळीपुंगळीतला फरकही उरला नाही. हॅरी पोप हे त्या काळचे नावाजलेले नळी-कारागीर. त्यांच्या नळीनं १९०१ मध्ये टेकू घेऊन २०० यार्डांवर मारलेले दहा बार पाऊण इंचाच्या आत बसले होते. दहा गोळ्या, इतक्या जवळ. ओतलेल्या शिशाच्या.

हे वाचून कुणाला घरी शिसं वितळवून बघावंसं वाटलं तर आधी कायदा सांगतो. आपल्याकडं शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक असो की दारूगोळा, परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. वाड्यात आजोबांची जुनी बंदूक सापडली तर तिला हात लावण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन तिची नोंद काय आहे ते बघा. आणि ती भरलेली असू शकते, असंच धरून चाला. ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्याच राहिल्याची उदाहरणं आहेत, कारण बाहेरून ते दिसतच नाही.

पण या विद्येतला मोठा भाग बालेवाडीत आजही शिकता येतो. ५० मीटरच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे, गोळी ५.६ मिलिमीटरची. ४० ग्रेनची, पाव तोळ्याहूनही हलकी. गोळी आपण ओतत नाही, पण निवडतो. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट घेऊन रायफल पकडीत बसवायची, प्रत्येक लॉटचे बार मारायचे आणि भोकांचा पुंजका मोजायचा. एका रायफलीला जो लॉट आवडतो तो शेजारच्या रायफलीत विखुरतो. इतकी वर्षं झाली, इतकी यंत्रं आली, तरी प्रश्न आजोबांच्या गॅरेजमधलाच आहे.

त्या मुलाला मी हे पुढच्या रविवारी सांगितलं. तिथंच मातीच्या बांधातून निघालेली एक वापरलेली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि भिंग दिलं. नाक चेपलं होतं, पण अंगावर तिरप्या रेघा स्पष्ट होत्या, एकसारख्या अंतरावर. तो बराच वेळ ती फिरवून बघत राहिला. मग त्यानं त्या रेघा मोजल्या.

शिसं अंगात गेलं की साठत जातं, मुलांच्या अंगात जास्त. म्हणून गोळी परत घेतल्यावर मी त्याला नळाकडं पाठवलं. साबण लावून दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, तेव्हा कुठं डबा उघडायला मिळाला.